‘त्याच्यानंतर माता’ : पालकत्वाच्या कायद्यातील एका वाक्यांशाचा अर्थविचार

१

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला म्हणजे पतिपत्नींचे नाते संपते. मातापित्यांचे संपत नाही. अपत्य कोणाकडे राहावे, त्याच्या वतीने सही कोणी करावी, आणि ज्याच्या घरी ते राहत नाही त्याचा त्याच्याशी संबंध कोणत्या स्वरूपाचा असावा, हे तीन प्रश्न हुकूमनाम्यानंतरही शिल्लक राहतात. किंबहुना पुष्कळ कज्ज्यांत खरा वाद या तीन प्रश्नांचाच असतो आणि घटस्फोटाची कारणे ही त्याची केवळ प्रस्तावना असते. हिंदूंपुरते पाहिल्यास या प्रश्नांची व्यवस्था तीन कायद्यांत विखुरलेली आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्वधर्मीयांस लागू आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सव्विसावे कलम विवाहविषयक दाव्यात अपत्यांच्या संगोपनासंबंधी हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयास देते. आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा ‘नैसर्गिक पालक’ कोण हे सांगतो.

या शेवटच्या कायद्याच्या सहाव्या कलमात मुलाचा किंवा अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक म्हणून ‘पिता व त्याच्यानंतर माता’ असा क्रम दिला आहे. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असे एक परंतुक त्यास जोडलेले आहे. यातील ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न १९९९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि त्या न्यायालयाने दिलेल्या उत्तरावर आज या विषयाची सारी मांडणी उभी आहे. तो निर्णय मुळात एका शब्दाच्या अर्थासंबंधीचा आहे. तेव्हा त्याची केवळ विधिदृष्ट्या चर्चा करून न थांबता, अर्थविज्ञानाच्या अंगानेही तपासणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

कायद्याचे शब्द कोऱ्या पाटीवर लिहिले जात नाहीत. विवाहविच्छेदासाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांच्याकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. काडीमोड, सोडचिठ्ठी आणि फारकत हे शब्द जुने असून ज्या जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची चाल होती त्यांच्या व्यवहारातले आहेत. काडीमोड हा शब्द एका कृतीचे वर्णन करतो : गवताची काडी मोडली, संबंध मोडला. सोडचिठ्ठी हा शब्द एका कागदाचे वर्णन करतो, आणि तो कागद देणारा व घेणारा अशा दोन असमान पक्षांची कल्पना त्यात गृहीत आहे. फारकत किंवा फारखत हा दफ्तरातला शब्द. ऋणमुक्तीच्या व हक्कसोडीच्या दस्तासही तोच लावीत.

‘घटस्फोट’ या शब्दाची कुळी मात्र वेगळी आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हा शब्द विवाहाशी निगडित नाही. जातिभ्रष्ट झालेल्या व्यक्तीशी सर्व संबंध तोडल्याचे द्योतक म्हणून पाण्याचा घट फोडण्याच्या विधीचे ते नाव आहे. जी कल्पना अन्य जातींच्या रूढीत पूर्वापार होती, ती वरिष्ठ वर्गाच्या कायद्यात शिरली तेव्हा तिच्यासाठी काडीमोड हा तयार शब्द न घेता बहिष्काराचा शब्द घेतला गेला, ही घटना लक्षणीय आहे. कायद्याचा इतिहासही याच दिशेचा आहे. जातिपंचायतीस विवाह मोडल्याचे जाहीर करण्याचा अधिकार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली ठरविले. पुढे १९३१ साली बडोदे संस्थानाने आणि १९४७ साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे केले, आणि १९५५ चा कायदा त्यानंतर आला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमाने रूढीने मान्य असलेला विच्छेद कायम ठेवला आहे. म्हणजे काडीमोड अद्याप कायद्याने मेलेली नाही. मात्र तशी रूढी आपल्या जातीत आहे हे पक्षकाराने सिद्ध केले पाहिजे. ते न करता नुसत्या मुद्रांकित कागदावर लिहिलेल्या सोडचिठ्ठीने विवाह संपत नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या चारही शब्दांत एक समान उणीव आहे. त्यांपैकी एकातही अपत्याला जागा नाही. रूढीत अपत्याचा प्रश्न बहुधा घराण्याच्या व वारशाच्या प्रश्नात सामावला जाई आणि त्याचे उत्तर गृहीत असे. त्यामुळे जेव्हा न्यायालयात हा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहिला, तेव्हा त्याच्यासाठी लागणारे शब्द मराठीला अन्य व्यवहारांतून, मुख्यत्वे जमिनीच्या आणि महसुलाच्या व्यवहारातून घ्यावे लागले.

३

यातील पहिला शब्द ‘ताबा’. हा अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. अधीन असणे, मागे चालणे हा त्याचा मूळ भाव. ताबेदार हा शब्द त्याच कुळातला. मराठीत जागेचा ताबा, शेताचा ताबा, पोलिसांचा ताबा असे त्याचे प्रयोग रूढ आहेत आणि मुलाचा ताबा हा प्रयोग त्याच रांगेत बसतो. संस्कृतनिष्ठ परिभाषेतील ‘अभिरक्षा’ या शब्दात रक्षणाचा भाव आहे खरा, पण पक्षकार तो शब्द बोलत नाहीत. परिणामी अर्जात अभिरक्षा आणि तोंडी ताबा अशी द्विभाषिकता चालते. १९५६ च्या कायद्याचे तेरावे कलम अज्ञानाचे कल्याण हीच सर्वश्रेष्ठ कसोटी मानते. अपत्ये म्हणजे मातापित्यांची मालमत्ता नव्हे आणि त्यांची खेळणीही नव्हेत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच मांडले आहे. परंतु ताबा मागण्यासाठी आलेल्या माणसाला त्याची भाषाच सांगत असते की आपण काहीतरी परत मिळविण्यास आलो आहोत.

दुसरा शब्द ‘अज्ञान’. सातबाराच्या उताऱ्यावर अल्पवयीन खातेदाराच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ अशी अक्षरे असतात. अज्ञान पालनकर्ता असा त्यांचा विस्तार. पिता मृत झाल्यावर त्या अक्षरांपुढे आईचे नाव लागते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही तलाठ्यास ठाऊक आहे. अज्ञान व सज्ञान ही जोडी वयाचा बोध ज्ञानाच्या भाषेत करून देते. अठरा वर्षांखालील व्यक्तीस काही समजत नाही, हे विधान त्या शब्दात आधीच होऊन गेलेले असते. उलट १८९० च्या कायद्याचे सतरावे कलम असे म्हणते की, समजून पसंती ठरविण्याइतके अपत्याचे वय असल्यास न्यायालयास त्या पसंतीचा विचार करता येईल. ज्यास अज्ञान म्हणावयाचे त्याचे मत घ्यावयाचे, असा हा विरोध आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलास न्यायाधीश आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी बोलतात तेव्हा हा विरोध कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु त्या मुलाने काही सांगितले की विरुद्ध पक्ष म्हणतो, ते अज्ञान आहे, त्यास पढविले आहे. पढविल्याची शक्यता खरी असू शकते; तिचा निर्णय पुराव्याने व्हावा. एका परिभाषिक शब्दाने तो आधीच होऊ नये.

तिसरा शब्द ‘पालक’. येथे मराठीची स्थिती इंग्रजीपेक्षा निराळी आहे. इंग्रजीत जन्मदात्यांसाठी एक शब्द आणि कायद्याने नेमलेल्या रक्षकासाठी दुसरा शब्द आहे. मराठीत दोहोंना पालक हा एकच शब्द चालतो. शाळेच्या पालकसभेस आई जाते ती पालक म्हणून. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही या रकान्यात ती सही करते. हीच स्त्री १९५६ च्या कायद्याचे मराठी भाषांतर वाचू लागली तर तिला असे आढळेल की, ती पालक आहे पण पित्यानंतरची. भाषेने जो दर्जा तिला निःसंकोच दिला तो कायदा क्रमाने देतो. ‘नैसर्गिक’ या विशेषणाने तर गोंधळ अधिकच वाढतो. कायद्यात त्याचा अर्थ, न्यायालयाच्या नेमणुकीवाचून आपोआप होणारा पालक, एवढाच आहे. सामान्य वाचक मात्र निसर्ग या शब्दाने जन्माचा विचार करतो, आणि जन्माच्या नात्यात आईचा क्रम दुसरा कसा, हे त्याला उमगत नाही.

४

आता मुख्य निर्णयाकडे वळू. गीता हरिहरन या इंग्रजीत लिहिणाऱ्या प्रसिद्ध कादंबरीकर्त्री. त्यांनी व त्यांच्या पतीने आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी अर्ज केला आणि त्यावर पालक म्हणून मातेने सही करावी असे उभयतांत ठरले होते. बँकेने पित्याची सही किंवा माता ही पालक असल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला मागितला. या प्रकरणाबरोबरच वंदना शिवा यांची याचिकाही न्यायालयापुढे होती, आणि तिच्या पाठीशी घटस्फोटाच्या दाव्यातील मुलाच्या ताब्याचा वाद होता. सहावे कलम संविधानाच्या चौदाव्या व पंधराव्या अनुच्छेदांतील समतेच्या तत्त्वास बाध आणते, असे दोन्ही याचिकांचे म्हणणे होते.

न्यायालयाने कलम रद्द केले नाही. मूळ इंग्रजीतील ‘आफ्टर’ या शब्दाचा अर्थ ‘पित्याच्या हयातीनंतर’ असाच घेण्याचे कारण नाही. ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा अर्थ घेता येतो, आणि तसा घेतल्यास कलम संविधानाशी सुसंगत राहते, असे त्याने ठरविले. अनुपस्थिती म्हणजे केवळ दूर असणे नव्हे. पिता अपत्याविषयी सर्वस्वी उदासीन असेल, परस्परसंमतीने अपत्याचा सर्व भार मातेवर असेल, किंवा शारीरिक वा मानसिक असमर्थतेमुळे पिता काही करू शकत नसेल, तर तोही या अर्थाने अनुपस्थितच. या व्याख्येस पूर्वपीठिका होती. पिता हयात असूनही मुलीकडे लक्ष देत नव्हता आणि मातेनेच तिचा सांभाळ केला होता, अशा एका प्रकरणात माता ही नैसर्गिक पालक मानता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० सालीच म्हटले होते. तो वाद जमिनीच्या पट्ट्यातून निघाला होता, ही गोष्टही या विषयाच्या इतिहासास साजेशीच आहे.

न्यायालयाने केलेला अर्थ भाषिकदृष्ट्या अशक्य नाही. मराठीच्या उदाहरणाने तो अधिक चांगला पटतो. ‘पश्चात’ या शब्दाने मृत्यूनंतरचा काळ दाखविला जातो, तसा एखाद्याच्या गैरहजेरीतील काळही. ‘माघारी’ हा शब्द तर गैरहजेरीचाच बोध करून देतो. ‘मी गावाला जातो, माझ्या माघारी घर सांभाळा’ असे म्हणणारा मनुष्य आपल्या मृत्यूची व्यवस्था लावीत नसतो. सहाव्या कलमाचे भाषांतर ‘पिता व त्याच्या माघारी माता’ असे झाले असते, तर न्यायालयाने जो अर्थ काढला तो मराठी वाचकास विनासायास मिळाला असता. ‘नंतर’ या अव्ययात काळाचा व क्रमाचा अर्थ बळकट असून अभावाचा अर्थ जवळजवळ नाही. म्हणून मराठी भाषांतर वाचणाऱ्यास १९९९ चा निर्णय शब्दाला ताणणारा वाटतो.

५

तरीही या निर्णयावर तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप असा की, वादाचे मूळ अव्ययात नसून सर्वनामात आहे. ‘त्याच्यानंतर’ या पदातील ‘नंतर’चा अर्थ मृत्यू घ्या, अनुपस्थिती घ्या, उदासीनता घ्या, ‘त्याच्या’ हे पद हलत नाही. मातेचे पालकत्व पित्याच्या एखाद्या अवस्थेवर अवलंबून आहे, हीच या वाक्याची रचना. पिता काय करतो किंवा करीत नाही हे पाहिल्यावाचून माता पालक आहे की नाही ते सांगता येत नाही. पित्याविषयी मात्र असा प्रश्नच उद्भवत नाही. न्यायालयाने अव्यय सैल केले आणि सर्वनाम तसेच ठेवले. त्यामुळे मातेची प्रतीक्षा कमी झाली, परंतु तिचा क्रम बदलला नाही.

दुसरा आक्षेप ‘अनुपस्थिती’ या शब्दाच्या विस्तारासंबंधी आहे. रोख्यांच्या प्रकरणात पिता अनुपस्थित नव्हता. तो त्याच घरात होता आणि त्याची मातेच्या सहीस संमती होती. ज्याने विचारपूर्वक संमती दिली त्यास अनुपस्थित म्हणावयाचे, म्हणजे शब्दाचा अर्थ वाढविणे नव्हे, तर त्यास त्याच्या विरुद्ध अर्थापर्यंत नेणे होय. हेतू स्तुत्य असला तरी असा अर्थ टिकाऊ नसतो, कारण पुढच्या वाचकाला तो शब्दात सापडत नाही. तो निकालपत्रातच शोधावा लागतो. याच कलमाच्या पुढील खंडात अनौरस अपत्याविषयी ‘माता व तिच्यानंतर पिता’ असा उलट क्रम आहे. विधिमंडळाने दोन्ही खंडांत एकच शब्द एकाच अर्थाने योजिला असणार. तो अर्थ क्रमाचा होता, हे या जोडीवरूनच दिसते. औरस अपत्य प्रथम पित्याचे आणि अनौरस अपत्य प्रथम मातेचे, या जुन्या कल्पनेचा तो क्रम आहे. तिसऱ्या खंडात विवाहित अल्पवयीन मुलीचा पालक तिचा पती ठरतो. म्हणजे तेथे पालकत्व मातापित्यांकडून दुसऱ्या घराण्याकडे जाते. तिन्ही खंड एकत्र वाचले म्हणजे हे कलम अपत्याच्या गरजेवरून नव्हे, तर ते कोणत्या घराण्याचे यावरून रचलेले आहे, हे ध्यानात येते. एका शब्दाच्या अर्थविस्ताराने ही रचना झाकली जाते, मोडत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक आहे. घटस्फोटाच्या वादात पिता बहुधा उपस्थित असतो आणि अपत्याविषयी आग्रहीही असतो. तेथे अनुपस्थितीचा अर्थ मातेच्या काहीच उपयोगी पडत नाही. न्यायालय कल्याणाची कसोटी लावून ताबा मातेकडे देते. परंतु कलमाच्या शब्दांनुसार नैसर्गिक पालक पिताच राहतो. अपत्य एकीकडे आणि सही दुसरीकडे, अशी विभागणी होते. मुलाच्या नावे असलेली जमीन विकावयाची झाल्यास आठव्या कलमान्वये न्यायालयाची पूर्वपरवानगी नैसर्गिक पालकाने घ्यावयाची असते; तो नैसर्गिक पालक कोण, याचा वाद येथे नव्याने सुरू होतो. रोजचा खर्च, शाळा, आजारपण हे सारे जी पाहते तिला प्रत्येक कागदापाशी आपला अधिकार सिद्ध करावा लागतो.

यावर असे उत्तर दिले जाईल की, न्यायालयास कायदा नव्याने लिहिता येत नाही. कलम वाचविण्याजोगा अर्थ उपलब्ध असेल तर तो स्वीकारणे हाच न्यायालयाचा धर्म. शिवाय तेरावे कलम सहाव्यावर मात करते, तेव्हा प्रत्यक्षात मातेची हानी होत नाही. यातील पहिला भाग मान्य केला पाहिजे. दुसरा भाग अर्धाच खरा आहे. कल्याणाची कसोटी न्यायालयाच्या दारात लागू होते. पालकत्वाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा न्यायालयाच्या बाहेर, शाळेच्या कचेरीत, बँकेच्या खिडकीपाशी, दुय्यम निबंधकाच्या मेजापुढे उपस्थित होतो. तेथे बसलेला कारकून निकालपत्र वाचीत नाही, तो कलमाचे शब्द वाचतो. आणि ते शब्द १९५६ सालीच थांबले आहेत.

६

विधी आयोगाने १९८९ च्या आपल्या १३३ व्या अहवालात मातेस पित्याच्या बरोबरीचे स्थान द्यावे असे सुचविले आणि २०१५ च्या २५७ व्या अहवालात तीच सूचना अधिक विस्ताराने मांडून संयुक्त ताब्याचीही शिफारस केली. २०१० साली १८९० च्या कायद्याचे एकोणिसावे कलम बदलून पित्याबरोबर मातेचा उल्लेख झाला. त्या कलमात जे साधले ते एका उभयान्वयी अव्ययाने साधले : ‘पिता किंवा माता’. सहाव्या कलमात मात्र ‘नंतर’ कायम आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली, त्या वर्षाच्या १ मेपासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरविले. नावाच्या क्रमाने पालकत्व मिळत नाही. तथापि क्रम हा केवळ मांडणीचा प्रश्न नसून तो अर्थाचा प्रश्न आहे, ही गोष्ट शासनाने त्या निर्णयाने मान्य केली असे म्हणण्यास हरकत नाही.

भाषेच्या बाजूने करण्यासारखे थोडेच आहे, पण ते निरुपयोगी नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर आणि १९९८ च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीचे स्थान कायद्याने निश्चित झाले आहे. अशा स्थितीत परिभाषा घडविणाऱ्यांनी नवे संस्कृत शब्द बनविण्यापेक्षा, रूढ शब्दांपैकी कोणता शब्द कोणता भार वाहतो, याचा विचार प्रथम करावा. अज्ञानाऐवजी ‘अल्पवयीन’ हा शब्द सर्वत्र योजणे आज सहज शक्य आहे. त्यात वयाचे विधान आहे, बुद्धीचे नाही. ताब्याऐवजी ‘सांभाळ’ हा घरोघरी चालणारा शब्द का चालू नये? ‘मुलाचा सांभाळ कोणी करावा’ असा प्रश्न विचारला म्हणजे उत्तर देणाऱ्यास आपण काय करणार हे सांगावे लागते. ‘ताबा कोणाला मिळावा’ असे विचारले म्हणजे आपला हक्क काय हे सांगून भागते. भेटीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेच २०२० साली एक पाऊल पुढे टाकले आहे. दूर राहणाऱ्या मातेस किंवा पित्यास केवळ भेटीचा नव्हे, तर दूरध्वनीने वा दृक्‌श्राव्य साधनांनी संपर्काचाही अधिकार असावा, असे त्याने म्हटले आहे. ‘भेट’ हा शब्द पाहुण्याचा आहे. ‘संपर्क’ हा निदान नात्याच्या सातत्याचा आहे.

शब्द बदलल्याने कज्जे थांबतील, असे कोणी समजू नये. परंतु चुकीच्या शब्दाने कज्जा कोणत्या दिशेला वळतो, हे सहाव्या कलमाने दाखवून दिले आहे. न्यायालयाने एका अव्ययास जेवढा अर्थ देता येईल तेवढा देऊन पाहिला. उरलेले काम व्याख्येने होणारे नाही. ‘पिता आणि माता’ एवढेच शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते लिहिण्याचा अधिकार संसदेचा आहे. तोपर्यंत, सहा वर्षांच्या मुलाचे बोट धरून शाळेच्या कचेरीत उभ्या असलेल्या आईला पालक या शब्दाचा जो अर्थ ठाऊक आहे, तो कायद्याच्या पुस्तकातील अर्थाहून वेगळाच राहणार.